गल्लीतलं जुनं करी हाऊस विकत घ्यावं का?

तुम्ही विचारलंत ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ तुमच्या घरापासून पाच मिनिटांवर एक जुनं करी हाऊस, म्हणजे इथल्या गल्लीबोळांत दिसणारं ब्रिटिश धाटणीच्या भारतीय जेवणाचं हॉटेल आहे. मालक सत्तरीला आले, मुलगी फार्मसिस्ट, मुलगा अकाउंटंट, दोघांनाही धंद्यात यायचं नाही. जागेचं लीज आणि चालू धंदा दोन्ही विकायला काढलंय. तुम्ही आणि तुमचे मेहुणे मिळून ते घ्यायच्या विचारात आहात. घेतल्यावर तिथलं ‘ते गोडमिट्ट, खोटं भारतीय जेवण’ काढून मिसळ, कोंबडी-वडे, थालीपीठ ठेवायचं म्हणता. ही हॉटेलं एकामागून एक बंद का पडताहेत आणि आपलं जेवण तिथे चालेल का, असे तुमचे दोन प्रश्न.

मी मूळचा देवगडचा. दादरला केटरिंग शिकलो आणि १९९४ मध्ये बर्मिंगहॅमच्या बाजूला, वेस्ट मिडलंड्समध्ये, एका सिल्हेटी (बांगलादेशातल्या सिल्हेटच्या) मालकाकडे तिसरा कुक म्हणून लागलो. पुढे भागीदारीत पंधरा वर्षं स्वतःचं हॉटेल चालवलं. आता छोट्या हॉटेलांना स्वयंपाकघर लावून देतो. त्यामुळे सुरुवात तुमच्या त्या ‘खोटं’ या शब्दापासून करतो, कारण तो शब्द मनात धरून तुम्ही त्या दारातून आत गेलात तर पैसे बुडतील असं मला मनापासून वाटतं.

हेड शेफना आम्ही सगळे चाचा म्हणायचो. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे पंचवीस किलो कांद्याची गोणी ठेवली. कांदा सोलून जाडा चिरायचा आणि भल्या मोठ्या पातेल्यात टाकायचा. त्यात गाजर, थोडा कोबी, ढोबळी मिरची, कोथिंबिरीचे देठ, आलं-लसूण, हळद, डब्यातले टोमॅटो आणि हात सैल सोडून तेल. तीन-साडेतीन तास मंद आचेवर शिजू द्यायचं, मग सगळं घुसळून आमटीइतकं सरसरीत करायचं. याला बेस ग्रेव्ही म्हणतात. मी बोट बुडवून चाखलं तर कांद्याचा गोडूस वास आणि अळणी चव. दादरच्या कॉलेजातून आलेल्या मुलाला हे जेवण वाटेना.

त्याच रात्री सव्वाअकराला त्या पातेल्याचा अर्थ कळला. तेव्हा पब अकराला बंद व्हायचे. पंधरा मिनिटांत पन्नास-साठ माणसं आत आली आणि चुलीपाशी आम्ही दोघं. चाचांनी ॲल्युमिनियमचं पॅन मोठ्या ज्वाळेवर ठेवलं, तेल, आलं-लसूण, चमचाभर मसाल्याची मिसळण, थोडी टोमॅटो प्युरी. मसाला तेलात फुलला की पळीभर बेस. कडेला तो करपायला आला की तीच करपट खरवडून आत घ्यायची, परत एक पळी, मग आधीच शिजवून ठेवलेली कोंबडी. सहा मिनिटांत ताट बाहेर. लाल तिखट आणि लिंबू वाढवलं की मद्रास, नारळाची भुकटी, साय आणि साखर घातली की कोर्मा, कांद्याच्या मोठ्या पाकळ्या परतून घातल्या की दोप्याजा. मेनूवर ऐंशी पदार्थ आणि मागे एकच पातेलं. मोजमाप सगळं चाचांच्या एका लांब दांड्याच्या चमच्याचं.

यात मला आजही कमीपणा दिसत नाही. मुंबई-पुण्याच्या पंजाबी हॉटेलांतही सकाळीच लाल, पांढरी आणि पिवळी ग्रेव्ही करून ठेवतात, आणि आपण तिथलं पनीर आवडीने खातो. कोणत्या वेळी किती माणसं येणार आणि चुलीपाशी किती हात असणार, हे पाहून स्वयंपाकघर उभं राहतं. करी हाऊसचं स्वयंपाकघर पबमधून उशिरा येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी उभं राहिलं होतं.

ते उभं केलं बहुतांशी सिल्हेटच्या माणसांनी. तसं पाहिलं तर पाटण्याच्या शेख दीन मोहम्मद यांनी १८१० मध्येच लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर ‘हिंदुस्तानी कॉफी हाऊस’ काढलं होतं, पण दोन वर्षांत त्यांचं दिवाळं निघालं. रीजेंट स्ट्रीटवरचं वीरास्वामी १९२६ चं, तेही साहेबी थाटाचं. गल्लीतल्या करी हाऊसचे खरे पूर्वज म्हणजे बोटींच्या इंजिनखोलीत कोळसा ओढणारे सिल्हेटी खलाशी. काही जण बंदरात उतरले ते परत बोटीवर गेलेच नाहीत. महायुद्धानंतर पडझड झालेली कॅफे आणि फिश अँड चिप्सची दुकानं स्वस्तात मिळत होती, ती त्यांनी घेतली. मासे आणि चिप्स चालूच ठेवले, बाजूला भात आणि करी ठेवली, आणि इतर सगळे कुलूप लावायचे त्या वेळी दिवा लावून बसले. जुन्या करी हाऊसच्या मेनूत शेवटी ऑम्लेट आणि चिप्स दिसतात ना, ती त्या दिवसांची राहिलेली खूण आहे.

आणि त्याच मेनूत आपला किनाराही आहे, तो मराठी माणसाच्या नजरेतून सुटतो म्हणून सांगतो. विंदालू गोव्याचा. मूळ पोर्तुगीज नावात व्हिनेगर आणि लसूण, गोव्यात डुकराचं मांस आणि माडाचं व्हिनेगर. इथे आल्यावर व्हिनेगर मागे पडलं, तिखट पुढे आलं आणि आत बटाटा पडला. तो नावातल्या ‘आलू’मुळे, असं स्वयंपाकघरात सांगायचे. धनसाक मुंबईच्या पारशांच्या रविवारच्या जेवणातलं, तपकिरी भाताबरोबरचं. इथे ते डाळ, लिंबू आणि साखरेचं झालं, कुठे कुठे अननसाची फोडही. पाथिया म्हणजे पारशांचा आंबट-गोड पातियो. आणि चिकन टिक्का मसाला ग्लासगोच्या शीश महलमध्ये जन्मला असा तिथल्या अली अहमद अस्लम यांचा दावा होता. ते २०२२ मध्ये वारले. २००१ मध्ये परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी भाषणात त्याला खराखुरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ म्हटलं, तेव्हा आमच्या किचनमध्ये चाचांनी सगळ्यांना चहा पाजला होता. या पदार्थांना इथे पन्नास-साठ वर्षांचा स्वतःचा इतिहास आहे. तुमच्या शेजारच्या इंग्रज आजोबांचं पहिलं ‘बाहेरचं जेवण’ तेच असणार.

आता हॉटेलं बंद का पडतात ते. चव बिघडली, लोकांची आवड बदलली, असं सगळे सांगतात. ते थोडंफार खरं आहे. सुपरमार्केटात तयार करीचे डबे आले, तरुणांना साचेबंद मेनू नको झाला. पण मी ज्यांची कुलपं लागताना जवळून पाहिली त्यातल्या बहुतेकांकडे शुक्रवारी-शनिवारी गर्दी होती. त्यांच्याकडे चुलीपाशी उभं राहायला माणूस उरला नव्हता.

पूर्वी माणूस गावाकडून, नात्यातून यायचा. मालकाचा पुतण्या, त्याच्या मेहुण्याचा भाऊ. राहायला हॉटेलच्या वरच्या खोल्या, जेवण खालचंच. कांदा सोलण्यापासून सुरुवात, दोन वर्षांनी भात आणि भाज्या, मग तंदूर, मग पॅन. चाचांना स्वतःला पॅन हातात यायला सहा वर्षं लागली होती. ही शाळा होती, आणि तिच्यात पिळवणूकही होती, हे मी झाकणार नाही. आठवड्याचे सहा दिवस, रोजचे दहा-बारा तास, हातात पडणारी रक्कम तुटपुंजी. ज्यांनी हे सोसलं त्यांनी मुलांना हट्टाने शिकवलं. तुमच्या मालकांची मुलगी फार्मसिस्ट झाली, हे त्या हॉटेलचं सगळ्यात मोठं यश आहे, आणि हॉटेल विकायला निघण्याचं कारणही तेच आहे.

नात्यातली वाट व्हिसाने बंद केली. २००८ पासून गुणांवर आधारलेली पद्धत आली आणि बाहेरून शेफ आणण्यासाठी पगाराची अट चढत गेली. एप्रिल २०२४ मध्ये कुशल कामगाराच्या व्हिसासाठी किमान पगार वर्षाला २६,२०० वरून ३८,७०० पाउंडांवर गेला. जुलै २०२५ पासून तर पदवीच्या पातळीचीच कामं धरली जातात, म्हणजे नव्याने शेफ आणण्याचा तो मार्गच संपला. गावातलं करी हाऊस तंदूरवाल्याला ३८,००० पाउंड देऊ शकत नाही. लंडनमधल्या ब्रिक लेन या करी हाऊसच्या प्रसिद्ध रस्त्यावर २००० च्या दशकाच्या मध्याला साठ करी हाऊसेस होती, २०२० च्या सुरुवातीला तेवीस उरली. तेही करोनाच्या आधीचा आकडा.

पैशाचं गणित मी तुम्हाला एका ताटावर दाखवतो. १२ पाउंडांची करी घ्या. त्यातले २ पाउंड व्हॅट. करोनात व्हॅट ५ टक्के झाला होता, मग साडेबारा, आणि एप्रिल २०२२ पासून पुन्हा २०. गिऱ्हाइकाने ती डिलिव्हरी ॲपवरून मागवली आणि पोचवणारा मुलगाही ॲपचाच असेल, तर कमिशन तीस टक्क्यांच्या घरात जातं, म्हणजे आणखी ३ पाउंड ६० पेनी. उरले ६ पाउंड ४० पेनी. त्यातून कोंबडी, तेल, डबा, गॅस, वीज, भाडं आणि पगार. १९९९ मध्ये किमान वेतन सुरू झालं तेव्हा ते ताशी ३ पाउंड ६० पेनी होतं, एप्रिल २०२५ मध्ये १२ पाउंड २१ पेनी झालं. वेतन वाढलं याचा मला आनंद आहे, मी ते दिवस भोगले आहेत. पण करीची किंमत त्या वेगाने वाढवली की गिऱ्हाईक उठून जातं, कारण करी स्वस्तच असायला हवी ही समजूत आम्हीच पन्नास वर्षं त्यांच्यात रुजवली. इटालियन हॉटेलात पास्त्याला १६ पाउंड देणारा माणूस आमच्याकडे भाताचे वेगळे साडेतीन पाउंड पाहून कुरकुरतो. याचं मला अजून वाईट वाटतं.

बर्मिंगहॅममधला बाल्टीचा इलाका हेच सांगतो. पातळ पत्र्याच्या कढईत मोठ्या आचेवर करायचं आणि त्याच कढईत वाढायचं, सोबत टेबलभर पसरलेला नान. ही १९७० च्या दशकात तिथल्या पाकिस्तानी-काश्मिरी मंडळींनी बसवलेली पद्धत. (आपण बालदी म्हणतो तोच हा शब्द असावा असं मला कायम वाटत आलंय.) त्या इलाक्यातल्या लेडीपूल रोडवर एके काळी शनिवारी चालायला जागा नसायची. आज अस्सल पत्र्याच्या कढईत बाल्टी करणारी तिथली हॉटेलं मोजकीच राहिलीत. याउलट स्मेथविक आणि वेस्ट ब्रॉमविचच्या बाजूला पंजाब्यांनी चालवलेले देसी पब जोरात आहेत: बिअर त्यांची, तंदूर त्यांचा, गिऱ्हाईक दुपारपासून.

दुपारपासून हा शब्द महत्त्वाचा आहे. करी हाऊसची चूल संध्याकाळी पाचला पेटते आणि भाडं चोवीस तास चालू असतं. पबमधून अकराला येणारा तो लोंढा तर केव्हाच आटला. जी नवी हॉटेलं टिकली त्यांनी सकाळ आणि दुपार धरली. लंडनच्या डिशूम या हॉटेलांच्या साखळीचं उदाहरण इथे सगळ्यांना माहीत आहे. २०१० मध्ये कॉव्हेंट गार्डनला मुंबईच्या इराणी हॉटेलांच्या धर्तीवर पहिली शाखा निघाली. आम्हा जुन्या लोकांना वाटलं, वाकड्या पायांच्या खुर्च्या आणि आरसे लावून काय होणार. पण त्यांनी इराण्याची खरी गोष्ट उचलली होती: सकाळी चहा-नाश्ता, दुपारी जेवण, मग चहा, मग रात्र, आणि एकट्या माणसाला एका कपावर बसू देणं. खुद्द मुंबईत इराणी शेकडोंनी होते ते आता मोजके उरले, आणि त्यांचा दिवसभराचा हिशेब लंडनमध्ये जगला. त्याच वर्षी लंडनच्या हाउन्सलो भागात श्री कृष्ण वडा पाव सुरू झालं, दोन मुंबईकर मित्रांचं. लहान जागा, थोडे पदार्थ, भूक कधीही लागो.

तशी याआधीही आपली माणसं दिवसाचा धंदा करतच होती. लंडनला यूस्टन स्टेशनमागच्या ड्रमंड स्ट्रीटवर दिवाना भेळपुरी हाऊसमध्ये मी १९९६ मध्ये पहिल्यांदा गेलो, भेळेचा पहिला घास घेतला आणि दादरची चौपाटी आठवून गळा दाटला. लंडनच्याच स्ट्रँड रस्त्यावरचा इंडिया क्लब सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाला, तेव्हा शेवटच्या आठवड्यात मी मुद्दाम रेल्वेने गेलो. जिन्यावर रांग होती. भारताच्या स्वातंत्र्यासाठी ब्रिटनमध्ये झटणाऱ्या, कृष्ण मेनन यांच्या इंडिया लीगशी नातं सांगणारी ती जागा. तिथला डोसा काही जगावेगळा नव्हता, पण साध्या टेबलाशी बसून कोणीही तासभर बोलू शकत असे.

आता तुमच्या मिसळीकडे येतो. मी २००९ मध्ये हेच केलं होतं. आमच्या हॉटेलचा जुना मेनू एका सोमवारी काढला आणि तांबडा-पांढरा रस्सा, सुकं मटण, सोलकढी ठेवली. पहिला महिना बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री, पार लेस्टरहून मराठी कुटुंबं आली, फोटो काढले, आशीर्वाद दिले. दुसऱ्या महिन्यात मंगळवारी सहा गिऱ्हाइकं. मराठी माणूस महिन्यातून एकदा तीस मैलांवरून येतो, भाडं मात्र गल्लीतला माणूस भरतो. एक वयस्कर जोडपं अकरा वर्षं दर गुरुवारी यायचं, त्यांचं एक कोर्मा, एक भुना, एक नान ठरलेलं. त्यांनी मेनू उलटसुलट पाहिला, पापड खाल्ला, पैसे दिले आणि गेले. मी पाच महिन्यांनी जुना मेनू परत आणला, ते परत आले नाहीत. ती खंत माझी आहे, म्हणून तुम्हाला एवढं लांबण लावून सांगतोय.

हॉटेल घ्या, पण रात्रीचा मेनू तसाच ठेवा, फक्त ऐंशीवरून तीसवर आणा. बेसचं पातेलं ठेवा. मालकांना विक्रीच्या अटीतच तीन महिने तुमच्याबरोबर थांबायला सांगा. त्यांचा हेड शेफ राहत असेल तर त्याच्या पगारात काटकसर करू नका, आणि लक्षात घ्या, चालू धंदा घेतलात की तिथले नोकर त्यांच्या जुन्या हक्कांसकट तुमच्याकडे येतात. आपलं जेवण सकाळ-दुपारच्या वेळेत आणा: पोहे, साबुदाणा वडा, मिसळ, चहा. तुमच्या भागात आयटीतली भारतीय मंडळी घरून काम करतात, त्यांना दुपारी दीडला जायला जागा नसते. तिथे आपलं जेवण रुजलं की वर्षभराने रात्रीच्या मेनूत एक-दोन पदार्थ सरकवा. कोंबडी-वड्यांची जागा तिथे होईल, माझी खात्री आहे.

एका गोष्टीत मात्र मी कोणाचंच ऐकून घेत नाही, ती म्हणजे ॲलर्जी. जानेवारी २०१४ मध्ये उत्तर यॉर्कशरमधल्या एका गिऱ्हाइकाने शेंगदाणे नकोत असं स्पष्ट सांगूनही त्याच्या करीत शेंगदाण्याची भेसळ असलेली बदाम पूड गेली, आणि तो माणूस दगावला. मालकाला २०१६ मध्ये मनुष्यवधासाठी तुरुंगवास झाला. डिसेंबर २०१४ पासून चौदा ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती देणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या स्वयंपाकात यातलं काय काय लपलेलं असतं ते पाहा. दाण्याचं कूट तर उघड आहे, पण तीळ त्या यादीत आहेत, मोहरी आहे, म्हणजे आपली प्रत्येक फोडणी आहे. बाजारातल्या बहुतेक हिंगाच्या पुडीत गव्हाचं पीठ असतं, त्यामुळे ग्लुटेन नको म्हणणाऱ्याला वरणही चालेलच असं नाही. कूट वेगळ्या डब्यात, वेगळ्या चमच्याने, वेगळ्या फळीवर ठेवा, आणि हे पहिल्या दिवसापासून लिहून लावा.

लीज वकिलाकडून वाचून घ्या, दुरुस्तीची जबाबदारी कोणाची आणि धुराड्याची परवानगी कोणाच्या नावावर आहे ते विशेष. आणि सही करण्याआधी दोन शुक्रवार आणि दोन मंगळवार संध्याकाळी तिथे जाऊन जेवा, दोघंही. किती टेबलं भरली, किती पिशव्या ॲपवाल्यांनी नेल्या, किती गिऱ्हाइकांना मालक नावाने हाक मारतात, हे वहीत टिपा. ते आकडे पाठवलेत तर किमतीबद्दल मी तुम्हाला नेमकं सांगू शकेन.